सदतीस तासांचा पहारा

शिवकन्येच्या पोराचं जावळ काढलं ते साल दोन हजार सेहेचाळीस. शिवकन्येला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी चुलतभाऊ बसवला होता. वस्तऱ्याचा पहिला हात फिरला तसं पोरगं त्याच्या नव्या धोतरावर मुतलं आणि सगळा मांडव हसला. पोराचा आजा अंगद घुगे आत खाटेवर पडून होता, तोही हसला. त्याचं हसणं तुटक असायचं. उशाशी ठेवलेली श्वासपेटी गळ्यातल्या नळीतून श्वास आत लोटायची, तो बाहेर पडताना जेवढं हसता येईल तेवढं हसून घ्यायचं आणि पुढच्या श्वासाची वाट बघायची. बोलायचंही तसंच.

पंगत उठायच्या आत पेटीच्या पडद्यावर निरोप आला. अंगदच्या बायकोने, सुदामतीने, हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत तो वाचला.

‘आपल्या श्वासपेटीला आठ वर्षे पूर्ण झाली आहेत. जुन्या कंपायलरने बांधलेल्या अशा पेट्या घंटा न वाजवता अचानक थांबू शकतात. आजवर चार थांबल्या. सगळी प्रणाली नव्या कंपायलरने मुळापासून बांधून घ्यावी.’

तिने तो दुसऱ्यांदा वाचला. मग अंगदकडे बघून म्हणाली, “आवो, ह्या चार पेट्या थांबल्या म्हणजे त्या चार माणसांचं काय झालं?”

“तू आधी वरण वाढ,” अंगद म्हणाला. “लोक पानावर... बसलेत.”

अंगद वीज मंडळात वायरमन होता. दोन हजार सदतीस साली खांबावरून पडला. मानेचं हाड मोडलं, हातपाय गेले आणि छातीचा भाता कायमचा थांबला. तेव्हापासून ही पेटी त्याचा भाता झाली. सुदामतीला त्या वेळी अक्षरओळख नव्हती. तिचं लहानपण आईबापाच्या कोयत्यामागे उसाच्या फडात गेलं होतं. वर्षातले सहा महिने गाव सुटायचं, त्याबरोबर शाळा सुटायची, आणि एका वर्षी ती सुटली ती सुटलीच. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती नवऱ्याच्या खाटेशी बसून अक्षरं शिकली. त्याला हात नव्हते आणि तिला अक्षरं नव्हती. तो सांगायचा, ती कळफलकावर दाबायची. आधी मराठी, मग इंग्रजीची सव्वीस. पेटीच्या पोटात लिनक्स ही लिहिलेल्या हुकमांवर चालणारी संगणकप्रणाली होती, त्यामुळे तिने जन्मात पहिलं लिहिलेलं वाक्य नाव-गाव नव्हतं, तर पेटीला दिलेला हुकूम होता.

या पेट्या गोरगरिबांच्या घरी पोचल्या कशा, हे इथे सांगायला पाहिजे. एका चिपमध्ये अब्जावधी बारीक घरं असतात. त्यांतली थोडी जरी नासकी निघाली तरी पूर्वी सगळी चिप भंगारात जायची. पुढे काही लोकांनी डोकं लढवलं. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर वाचून त्याचं यंत्राला कळेल असं काम बांधणारा गडी. या गड्यालाच त्यांनी नवी विद्या शिकवली. बाई माठ घेताना टिचकी मारून बघते, तसं त्याने चिपचं एकेक घर ठोकून बघायचं, नासकी घरं कुठली ते लक्षात ठेवायचं आणि ती चुकवून काम बांधायचं. त्यामुळे भंगारातल्या चिपा कामाला आल्या आणि श्वासपेट्या स्वस्त झाल्या.

पण प्रत्येक चिपचं नासकेपण वेगळं. एका पेटीसाठी बांधलेलं काम दुसरीत चालत नाही. ज्या त्या पेटीने आपलं आपण, आपल्या पोटातच बांधायचं. आणि बांधताना सगळी घरं मोकळी लागतात, त्यामुळे तेवढा वेळ पेटीला दुसरं काही करता येत नाही. श्वासही देता येत नाही. एकदा बांधलं की झालं, या समजुतीवर कोणी त्याची फारशी काळजी केली नव्हती.

काळजी करायला हवी होती. घरंही म्हातारी होतात. पहिला कंपायलर लिहिणाऱ्यांनी घरांच्या म्हातारपणाचा अंदाज आठ वर्षांपर्यंतच बांधला होता. नवव्या वर्षी कोणती घरं मरतील हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि त्याच्या हातून बांधलेल्या प्रत्येक तुकड्यात तेच अज्ञान उतरलं होतं. एखादा तुकडा बदलून भागणार नव्हतं. सगळंच नव्याने बांधायला हवं होतं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर शिवकन्येने जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन लावला. ती पुण्यात एका दवाखान्यात परिचारिका होती, कुणाशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. तरी उत्तर एकच आलं. सगळ्या तालुक्यांतून पेट्या निघाल्यात, जादा यंत्रं मोजकी आहेत, तुमचा नंबर एकोणीस दिवसांनी.

“एकोणीस दिवस थांबायचं का?” शिवकन्या म्हणाली. “तोवर आपण रात्रंदिवस लक्ष ठेवू.”

“घंटा वाजणार नाही म्हणतेत,” सुदामती म्हणाली. “माणसाचा डोळा लागतोच की.”

“मग उद्याच... बांधू,” अंगद म्हणाला. “बांधायला... तीस तास. तोवर पिशवी दाबायची.”

रबरी पिशवी घरात होती. दवाखान्यात तिला अंबू बॅग म्हणतात. ती गळ्याच्या नळीला लावायची आणि हाताने दाबायची, एक दाब म्हणजे एक श्वास. वीज गेली, पेटीची बॅटरी उतरली, तर दहा-पंधरा मिनिटांसाठी ठेवलेली. वीस मिनिटांनी पंजा भरून येतो. दोघी मायलेकींनी तीस तास दाबणं शक्य नव्हतं.

सुदामतीने हिशेब मांडला. मग म्हणाली, “मी देवळात जाऊन येते.”

“नाही,” अंगद म्हणाला.

“का?”

“त्या म्हाताऱ्याला... माझ्या छातीवर... बसवणार?”

“छातीवर नाही, उशाशी.”

म्हातारा म्हणजे तात्याराव. गावच्या हरिनाम सप्ताहाचा वीणेकरी, वय शहात्तर. सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली टेकवायची नाही अशी रीत आहे. दोन-दोन तासांचे पहारे लागतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते. कोणाचा पहारा कधी ते तात्याराव ठरवायचे, आणि चाळीस वर्षांत त्यांची वीणा कधी जमिनीला लागली नव्हती. नऊ वर्षांमागे सप्ताहाच्या मांडवाला तारेवर आकडा टाकून वीज घेतली होती. वायरमन अंगदने भर कीर्तनात खांबावर चढून आकडा तोडला. महाराज अंधारात राहिले. पुढे चार महिन्यांनी तो स्वतः खांबावरून पडला तेव्हा गावात कोणीतरी ‘वीणेने धडा दिला’ म्हणालं. ते कोण म्हणालं याचा पत्ता लागला नाही, पण घुग्यांच्या घरचं कोणी त्यानंतर सप्ताहाला गेलं नाही.

सप्ताह संपून चारच दिवस झाले होते. पहाऱ्याच्या नावांचा फळा अजून देवळात टांगलेला होता. तात्याराव पायरीवर टाळ पुसत बसले होते.

“तात्या, माणसं पाहिजेत,” सुदामतीने उभ्या उभ्या सांगून टाकलं. पेटी, कंपायलर, पिशवी, सगळं.

तात्यारावांनी ऐकून घेतलं. “तुझ्या नवऱ्यानं भर कीर्तनात अंधार केला होता.”

“व्हय, केला होता. तुम्ही आकडा टाकला होता.”

“देवाच्या मांडवाला आकडा म्हणू नये गं.”

“ह्यांचं म्हणणं, मीटर देवाला बी चुकत नाही.”

तात्याराव टाळ पुसायचे थांबले. हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. “किती तास म्हणलीस?”

“तीस.”

“सप्त्याला एकशे अडुसष्ट लागतेत,” तात्याराव म्हणाले. त्यांनी उठून फळ्यावरची नावं उपरण्याने पुसली आणि खडू हातात घेतला. “पहारा किती मिनिटांचा लावू?”

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटे पाचला सुरुवात करायची ठरली. त्या रात्री अंगदने सुदामतीला सगळं पुन्हा समजावलं, कारण पिशवी लावल्यावर त्याला बोलता येणार नव्हतं. बोलायची झडप काढून ठेवावी लागते.

“आधी नवा कंपायलर... बांधायचा. तो कशानं... बांधतेत?”

“कशानं?”

“जुन्या कंपायलरनंच.”

सुदामती विचारात पडली. “म्हणजे विरजणागत. दह्याला दहीच लागतंय.”

“आणि विरजण... बिघडलेलं असलं तर?”

“मग एकदा लावून भागत नाही. त्यातलं घेऊन दुसऱ्या भांड्यात लावायचं, त्यातलं तिसऱ्यात.”

“तेच. तीनदा. दुसरा आणि तिसरा... ताडून बघायचा. अक्षर न् अक्षर... सारखं निघालं तर विरजण... शुद्ध. मग त्याच्यानं बाकी सगळं. दोनशे चौदा कामं.”

“आणि नाही निघालं सारखं तर?”

“निघतंय,” अंगद म्हणाला. मग दोन श्वास थांबून म्हणाला, “अडलंच तर मला विचार. एकदा डोळे मिटले... तर हो. दोनदा... तर नाही.”

पहाटे खोलीत आणि अंगणात मिळून तेवीस माणसं होती. शिवकन्येने प्रत्येकाचा हात धरून दाब किती द्यायचा ते शिकवलं. पहिली पिशवी तात्यारावांनीच घेतली. दाबायच्या आधी त्यांनी पिशवी कपाळाला लावली, तेव्हा अंगदने नजर छताकडे फिरवली. सुदामतीने हुकूम टंकला, पेटीचा सू-सू आवाज थांबला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पेटी गप्प झाली.

पहिले दोन तास ठीक गेले. मग चूक झाली, आणि ती दुसऱ्या कोणत्या गावाकडून झाली नसती. नुसतं दाबत बसणं या माणसांना जमेना, म्हणून कोणीतरी हळू आवाजात नाम धरलं, कोणीतरी टाळ धरला. दाब तालावर पडू लागला. सगळ्यांना बरं वाटलं. पण भजनाची लय एका जागी थांबत नसते, ती चढत जाते आणि चढलेली गाणाऱ्याला कळत नाही. मिनिटाला पंधरा दाब होते ते अठरा झाले, बावीस झाले, सव्वीस झाले. अंगदचे ओठ थरथरू लागले. डोळे भिरभिरले. त्याने पापण्यांची उघडझाप सुरू केली, पण त्याच्याकडे कोण बघतंय? सगळ्यांचे डोळे मिटलेले.

सुदामती पडद्याकडे तोंड करून बसली होती. तिने ते कानांनी पकडलं. “तात्या! लय चढली!”

टाळ जागच्या जागी थांबला. शिवकन्येने धावत येऊन पिशवी हातात घेतली आणि सावकाश दाब दिले. दहा मिनिटांनी अंगदची नजर ठिकाणावर आली.

“जास्त श्वासानं पण माणूस गुदमरतो,” शिवकन्या म्हणाली.

तात्यारावांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळे टाळ गोळा करून अंगणात नेऊन ठेवले. परत येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. “चार सेकंदांना एक. तोंड बंद. देवाचं नाव मनात घ्या, त्याला ऐकू येतंय.”

बारा वाजता तिसरा कंपायलर बांधून झाला. पेटीने दुसरा आणि तिसरा ताडून बघितला. पडद्यावर एकच ओळ आली आणि सुदामतीने ती तीन वेळा वाचली. दोन्ही सारखे नव्हते.

शिवकन्येने पेटीवाल्यांच्या मंडळाला फोन लावला. ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांनीच ते मंडळ काढलं होतं. पलीकडचा माणूस दमलेला होता, त्याच्याकडे दिवसभर असेच फोन येत होते. म्हणाला, पहिल्यापासून लावलं तर उत्तम. पण फरक थोडका आहे, पुष्कळ जण तसेच पुढे गेलेत आणि त्यांच्या पेट्या चालू आहेत.

“आई, पुढं जाऊ,” शिवकन्या म्हणाली. “सात तास गेलेत. माणसं दमलीत.”

सुदामती खाटेपाशी वाकली. “आवो, दोन्ही एकसारखे निघाले नाहीत. तसंच पुढं जायचं का?”

अंगदने एकदा डोळे मिटले. हो.

खोलीतल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पिशवी गावच्या गिरणीवाल्याच्या हातात होती, त्याने मान वर करून विचारलं, “काय म्हणले?”

सुदामती अंगदच्या डोळ्यांकडे बघत होती. नऊ वर्षं ती या माणसाच्या सांगण्यावरून कळ दाबत आली होती. तो म्हणेल ते अक्षर, म्हणेल तो हुकूम. त्याचं चुकलं असं एकदाही झालं नव्हतं. पण या वेळी त्याचे डोळे पेटीबद्दल बोलत नव्हते. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. गिरणीवाल्याच्या भरून आलेल्या मनगटाकडे, भिंतीला टेकून पेंगणाऱ्या पोरांकडे, दारात उभ्या तात्यारावांकडे.

“तुम्हाला लोकांची लाज वाटायली,” ती हलकेच म्हणाली. “आणखी सात तास त्यांचे हात नकोत, म्हणून हो म्हणताव.”

अंगदने डोळे मिटले नाहीत. एकदाही नाही, दोनदाही नाही. तिच्याकडे बघत राहिला.

“बिघडलेल्या विरजणावर हंडाभर दूध ओतणारी बाई मी नाही,” सुदामती म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

आधी तिला कारण शोधायचं होतं. तेच कारण पुन्हा आडवं आलं तर पुन्हा सात तास वाया जाणार. ती नोंदी वाचत गेली. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते, पण आकडे कळत होते. दुसऱ्या खेपेला चिपचा ताप एक्केचाळीस. तिसऱ्या खेपेला सत्तेचाळीस. तिने वर बघितलं. वर पत्रे, पत्र्यावर चैत्राचं ऊन, खोलीत दहा माणसं आणि शेजारी चहाची चूल. तापलेल्या माठाची टिचकी वेगळी वाजते, गार माठाची वेगळी. कंपायलरने दोन वेळा दोन निराळ्या माठांवर टिचक्या मारल्या होत्या.

ती बाहेर आली. “तात्या, पहिल्यापासून लावावं लागतंय. सात तास जास्ती.”

अंगणात कुजबुज झाली. मंगळवारी दुपारी गावात एक हळद होती.

“नवऱ्या मुलाच्या बापाचा पुढचा पहारा आता उद्या तीनला येतोय,” तात्याराव मनातल्या मनात फळा पुढे वाढवत म्हणाले. “हळद अडीचला. तो हात धुऊन येईल, नाहीतर तसाच येईल. अजून काय पाहिजे?”

“खोलीत तिघांच्या वर माणूस नको. चूल मागच्या दारी न्या. आणि पत्र्यावर ओली पोती टाका.”

“चला रे,” तात्याराव म्हणाले. “वायरमनच्या पत्र्यावर चढायचंय. कोणी आकडा टाकू नका म्हणजे झालं.”

पोरं हसत शिडी आणायला पळाली. आतमध्ये गिरणीवाल्याने पिशवी पुढच्याच्या हातात दिली. एक दाब त्याचा, पुढचा दाब दुसऱ्याचा, मधे खंड नाही.

संध्याकाळी सात वाजता पेटीने पुन्हा दुसरा आणि तिसरा ताडून बघितला. या वेळी आलेली ओळ सुदामतीने एकदाच वाचली. सारखे होते. ती खोलीत मोठ्याने काही बोलली नाही. नुसतं अंगदला सांगितलं, “लागलं.”

मग दोनशे चौदा कामं, एकामागून एक. गाव पाळीपाळीने झोपलं, पाळीपाळीने जेवलं. मंगळवारी नवरदेवाचा बाप खरंच पिवळ्या हातांनी आला आणि त्याची वीस मिनिटं देऊन परत मांडवात गेला. रबरी पिशवीवर हळदीची बोटं उमटली. तात्यारावांनी स्वतः अकरा पहारे केले आणि बारावा मागितला तेव्हा शिवकन्येने दिला नाही. “आजोबा, तुमची बोटं बघा,” ती म्हणाली. बोटं सुजून वाकतच नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता पेटी पहिल्यांदा सू करून वाजली. सदतीस तास झाले होते. शिवकन्येने नळी पिशवीवरून काढून पेटीला जोडली. छाती वर आली. खाली गेली. परत वर आली. कोणीही हललं नाही. असे साठ श्वास मोजून झाल्यावर गिरणीवाला भिंतीकडे तोंड करून रडला.

नव्याने बांधलेली पेटी मात्र अंगदला ओळखत नव्हती. जुनीने नऊ वर्षांत शिकून घेतलं होतं, हा हसतो केव्हा, बोलायला लागतो केव्हा, आणि तेवढ्यापुरती ती थांबायची. नवी सरळ चालत होती, शाळेतल्या नव्या मास्तरसारखी. झडप लावल्यावरही त्याला पहिला दिवस धड बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जमलं.

“मी हो... म्हणलो होतो,” तो सुदामतीला म्हणाला.

“म्हणला होता.”

“मग?”

ती त्याची मान पुसत होती. “मग काय? तुमच्यापेक्षा मला तुमची गरज जास्ती आहे.”

यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनेही मनावर घेतलं नाही, आपलं काम करत राहिली. तिसऱ्या दिवशी तात्याराव सुजल्या हातांनी आले आणि तासभर बसले. दोघं नुसते पावसावर बोलले. जाताना अंगद म्हणाला, “तात्या... उद्या या.” ते रोज येऊ लागले.

जेठात पेटीवाल्यांच्या मंडळाचा निरोप आला. दोन्ही कंपायलर सारखे नसताना पुढे गेलेल्या पेट्यांपैकी सहा थांबल्या होत्या. सुदामतीने तो वाचून दाखवला. अंगदने तिला तो पुन्हा एकदा वाचायला लावला. त्या रात्रीपासून पेटीला कुठलाही हुकूम द्यायचा झाला की तो आधी विचारायचा, “तुला काय वाटतं?” आणि ती सांगायची. कधी त्याचं खरं ठरायचं, कधी तिचं.

सोळा मैलांवरच्या दोन गावांत अशाच पेट्या होत्या. तिथल्या बांधणीला तात्यारावांनी फळा नेला आणि सुदामती ओली पोती घेऊन गेली. टाळ कोणी आणू नये, हे ती दारातच सांगायची.

शिवकन्येचं पोरगं बोलायला लागलं तेव्हा आजोळी येऊन आज्याच्या चालीवर बोलायचं. तीन शब्द, मग थांबा, मग तीन शब्द. शिवकन्या रागवायची. अंगद हसायचा. नवी पेटी तोवर त्याचं हसणं शिकली होती.

दोन हजार अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात त्याला ताप आला, तो फुप्फुसात उतरला. चौदा ऑक्टोबरला, बुधवारी सकाळी साडेसात वाजता, साठाव्या वर्षी अंगद घुगे न्यूमोनियाने घरीच वारला. पेटीत काही बिघाड नव्हता.